सगळे बैल सोनेरी? अरे काय चाललंय हे!

सकाळी दूध आणायला चौकात गेले आणि डोकंच फिरलं. बेंदराला, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाला, आपण गल्लीने मिळून रंगवलेले फायबरचे बैल रातोरात सोनेरी झालेत. सगळेच्या सगळे. शिंगांपासून शेपटीपर्यंत एकच ऑइलपेंट, खुरंसुद्धा सोडली नाहीत. कुणी मोठे पाहुणे सांगलीत येणार आहेत म्हणे, म्हणून "एकसारखं दिसावं."

अहो, साचा एक आणि रंग वेगळे, हीच तर त्यातली गंमत! १९९८ ला झुरिचमध्ये अशाच गायी रस्त्यावर मांडल्या, पुढच्या वर्षी शिकागोत. चित्रकार वेगवेगळे, रंग वेगवेगळे. २०१८ ला मुंबईत हत्ती मांडले, तेव्हा इथलेच लोक जाऊन फोटो काढून आले होते. आणि खरं तर हे झुरिचकडून शिकायची आपल्याला गरजच काय? आपल्याकडे आषाढात गोठ्यागोठ्यात हेच चालतं की.

आमच्या शेजारचे अप्पा आटपाडीकडचे. रंगवायच्या दिवशी कट्ट्यावर बसून नुसते बघत होते. मग न राहवून उठले. "पोरी, ह्यो खिलार जातीचा न्हाई. शिंगं बुडाला जवळजवळ, मग मागं जाऊन वर वळाय पायजेत. ही तर सायकलच्या हँडलागत!" पोरांनी एम-सील आणलं. अप्पांनी तारेवर ते थापून शिंगं लांबवली, लाल हिंगूळ लावला, चमकदार बेगड चिकटवली. शेवटी घरी जाऊन ट्रंकेतून पितळी शेंब्या काढून आणल्या आणि टोकांना बसवल्या. त्यांच्या स्वतःच्या जोडीच्या शेंब्या.

आज त्या शेंब्यांवरही सोनेरी रंग फासलाय. खऱ्या पितळेवर! हात लावला तर बोटाला चिकटला.

मान्य, दोन बैलांचा रंग उन्हानं उडाला होता आणि एकावर कुणी तरी पान थुंकलं होतं. मग तेवढे धुवायचे ना! पहिलीतल्या पोरीनं पोटावर काढलेली मासोळी कशाला घालवायची?

आता कुणी म्हणेल, खरे बैल गोठ्यातून चालले, त्याचं बोला, फायबरचं काय घेऊन बसलाय. तेही खरंच आहे. नांगराला ट्रॅक्टर आला. बैलांच्या शर्यतींवर २०१४ ला बंदी आली, परवानगी मिळायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात नुसत्या हौसेवर जोडी पोसणं अप्पांना जमलं नाही, खरसुंडीच्या बाजारात गेली ती. शेंब्या तेवढ्या काढून ठेवल्या होत्या. म्हणून तर जास्त राग येतोय मला.

दुपारी अप्पांना सांगितलं. म्हणाले, "आसू दे गं, रंगच हाय." असे बोलले की भांडायचं तरी कुणाशी? पण ज्यांनी हे केलं, त्यांनी एकदा तरी गल्लीत येऊन विचारायचं होतं. चहा पाजला असता, काय हवं ते बोललो असतो. रात्री डबा घेऊन येतात, फासतात, जातात. ही कुठली रीत?

रविवारी सकाळी चौकात या. परवानगीचं मला सांगू नका, त्यांनी आपली घेतली नव्हती. मोठ्यांनी पॉलिशपेपर आणि थिनर आणा. शेंब्या आधी उतरवून घ्यायच्या, घासायला अप्पांकडेच द्यायच्या. पोरांनो, थिनरला हात लावायचा नाही, तुम्ही बेगड कापायची. हिंगूळ मी आणते.