‘चेहऱ्यात विष टोचतात’ या मेसेजला एका त्वचारोगतज्ज्ञाचं उत्तर

गेल्या काही महिन्यांत तपासणीच्या खोलीत बसल्या बसल्या तीन-चार जणींनी मोबाइल पुढे करून मला एकच मेसेज दाखवला. एकीने तर त्यापायी ठरलेली अपॉइंटमेंट रद्द केली होती, आणि मग राहवेना म्हणून विचारायला आली. मेसेज असा आहे: "सुरकुत्या घालवायला चेहऱ्यात टोचतात ते जगातलं सगळ्यात जहाल विष आहे. ते अंगभर पसरतं. एकदा घेतलं की आयुष्यभर घ्यावं लागतं, थांबवलं की चेहरा दुप्पट सुरकुततो. चेहरा पुतळ्यासारखा होतो. गाल-ओठ सुजून विद्रूप होतात, कित्येकांची दृष्टी गेली आहे. त्यापेक्षा चेहऱ्याचे व्यायाम करा आणि तेच काम करणारं नैसर्गिक क्रीम लावा."

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि ही बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं (‘बोटॉक्स’ हा त्यातला एक ब्रँड) देते. म्हणजे माझं पोट यावर काही प्रमाणात चालतं, हे आधीच सांगून टाकते. सुरकुती हा आजार नव्हे. कुणी ती तशीच ठेवली तर काही बिघडत नाही, आणि हे मी समोर बसलेल्या प्रत्येकीला सांगते. माझी तक्रार वेगळी आहे. हा मेसेज ज्याला घाबरायचं कारण नाही त्याला घाबरवतो, आणि ज्याने माझी खरोखर झोप उडते त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

"जगातलं सगळ्यात जहाल विष." हो, आहे. बोट्युलिनम टॉक्सिन हे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं विष, आणि वजनाला वजन लावलं तर त्याच्याइतकं घातक फारसं काही सापडलेलं नाही. १८२० च्या सुमारास जर्मनीतल्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या, श्वास थांबून दगावलेल्या माणसांच्या बारकाईने नोंदी केल्या. ‘बोट्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. नाव तिथून आलं. पण त्याच केर्नरने तेव्हाच लिहून ठेवलं होतं की अगदी थोड्या मात्रेत हेच विष औषध म्हणून वापरता येईल. ते प्रत्यक्षात यायला दीडशे वर्षं गेली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळ्या डोळ्यांच्या रुग्णांवर वापरलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्या आपोआप आवळल्या जाण्याचा विकार या दोन्हींसाठी त्याला मंजुरी मिळाली. सुरकुत्यांचा उपयोग तर ओघात सापडला. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन करुथर्स पापण्यांच्या या विकारावर इंजेक्शनं देत होत्या. एका रुग्णाच्या लक्षात आलं की त्यानंतर कपाळावरच्या आठ्याही जातात. जीन यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि २००२ मध्ये अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी मंजुरी आली.

मेसेजमध्ये नाही तो शब्द म्हणजे मात्रा. दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा ठरलेला डोस २० युनिट, पाच ठिकाणी विभागून. जुनाट मायग्रेनसाठी हेच औषध डोक्यात आणि मानेत ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट देतात. पक्षाघातानंतर ताठरलेल्या हातापायांसाठी त्याहूनही जास्त. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून बांधलेला अंदाज असा, की ७० किलोच्या माणसाला घातक डोस २,५०० ते ३,००० युनिटच्या घरात असावा. २० कुठे आणि २,५०० कुठे.

"अंगभर पसरतं" हे मात्र मी झटकून टाकणार नाही. २००९ पासून अमेरिकेत या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापलेला असतो: टोचलेल्या जागेपासून दूर परिणाम होऊन गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, आणि तो काही तासांनीच नव्हे तर काही आठवड्यांनीही दिसू शकतो. याचा सगळ्यात जास्त धोका स्नायू ताठरलेल्या, मोठे डोस घेणाऱ्या मुलांना. आठ्यांसाठीच्या २० युनिटच्या डोसने असा गंभीर परिणाम झाल्याची पक्की नोंद नाही, असं तेच माहितीपत्रक सांगतं. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल तर धोका वाढतो, म्हणून मी आधी तेच विचारते. गरोदरपणात आणि बाळाला दूध पाजत असताना देत नाही; तिथे पुरेसा अभ्यासच झालेला नाही.

आता "एकदा घेतलं की सुटका नाही". सगळ्यात जास्त बायका याच वाक्यावर अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. स्नायू आवळायचा तर मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटावं लागतं. हे औषध त्या टोकात शिरतं आणि रसायन सोडणाऱ्या यंत्रणेतलं स्नॅप-२५ नावाचं एक प्रथिन कापतं. बस्स, एवढंच. मज्जातंतू मरत नाही, स्नायू मरत नाही. निरोप तेवढा पोचत नाही. दोन-तीन दिवसांत फरक जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो. मग मज्जातंतूला तात्पुरते नवे फाटे फुटतात, मूळ टोकही हळूहळू सावरतं, आणि तीन-चार महिन्यांत आठी परत येते. जेवढी होती तेवढी. औषध पुन्हा घ्यावंसं वाटणं आणि शरीराला त्याची सवय लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही "आधीपेक्षा वाईट दिसतंय" असं काही जणींना मनापासून वाटतं. म्हणून पहिल्या दिवशी मी फोटो काढते: एक चेहरा सैल सोडून, एक कपाळाला आठ्या घालून, एक हसताना. चार महिन्यांनी तिचाच जुना फोटो तिच्यासमोर धरला की ती बराच वेळ बघत राहते. मधले महिने कपाळ गुळगुळीत बघायची डोळ्यांना सवय झालेली असते, आणि मूळ आठी किती खोल होती ते विसरलेलं असतं. २००६ मध्ये एकसारख्या जुळ्या बहिणींचा एक अहवाल प्रसिद्ध झाला होता. एकीने १३ वर्षं नियमित इंजेक्शनं घेतली होती, दुसरीने सगळी मिळून दोनदा. चेहरा शांत असताना दुसरीच्या कपाळावर रेघा कोरलेल्या दिसत होत्या, पहिलीच्या नव्हत्या. दोनच बहिणींवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नये, पण "दुप्पट सुरकुततो" याच्या हे नेमकं उलट आहे. वर्षानुवर्षं घेतल्यावर तो स्नायू थोडा बारीक होतो, हे खरं. म्हणून काही जणींना पुढे कमी वेळा घेऊन चालतं.

"चेहरा पुतळ्यासारखा होतो" हे औषधाबद्दल कमी आणि देणाऱ्या हाताबद्दल जास्त सांगतं. भुवया वर उचलणारा स्नायू कपाळावर एकच आहे. त्यालाच भरपूर टोचलं तर आठ्यांबरोबर भुवयाही खाली येतात आणि डोळ्यांवर ओझं ठेवल्यासारखं वाटतं. पापण्या मुळातच जड असलेली माणसं नकळत कपाळ उचलून बघत असतात. म्हणून मी डोळे मिटायला सांगते, अंगठ्याने कपाळ हलकेच दाबून धरते आणि म्हणते, "आता उघडा." कपाळाच्या मदतीशिवाय डोळा अर्धवटच उघडला, तर त्या कपाळावर मी फार थोडं देते किंवा नाहीच म्हणते. आठ्यांच्या इंजेक्शनानंतर पापणी उतरण्याचं प्रमाण चाचण्यांमध्ये साधारण ३ टक्के होतं. काही आठवड्यांत ती परत जागेवर येते. सुई भुवईच्या हाडाच्या कडेपासून किमान एक सेंटिमीटर वर ठेवायची, हा नियम त्यासाठीच आहे.

पुढच्या वाक्यात तर मेसेजने दोन वेगळी औषधं एकत्र कालवली आहेत. सुजलेले ओठ, फुगलेले गाल, गेलेली दृष्टी. मेसेजसोबत ओठांचा जो फोटो फिरतो त्याचा बोट्युलिनमशी संबंध नाही. बोट्युलिनमने काहीही फुगत नाही. तो फिलरचा फोटो आहे. फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरोनिक ॲसिडची जेल. हा पदार्थ आपल्या त्वचेत असतोच आणि पाणी धरून ठेवतो. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला होता. फिलर स्नायू सैल करत नाही, खड्डा भरून काढतो. नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी भरायला तो वापरतात. आठी घालतानाच उमटणाऱ्या रेषांना बोट्युलिनम, चेहरा स्थिर असतानाही दिसणाऱ्या खोल घडीला फिलर, असं ढोबळमानाने समजा.

आणि फिलरबद्दलची भीती खरी आहे. जेल चुकून रोहिणीत गेली तर रक्त अडतं. त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार निळसर दिसते, वेदना होतात, वेळ गेला तर त्वचा मरते. नाक आणि भुवयांमधली जागा सगळ्यात वाईट, कारण तिथल्या रोहिण्या डोळ्याच्या रोहिण्यांशी जोडलेल्या असतात. सुईच्या दाबाने जेल उलटी वाहत दृष्टिपटलापर्यंत पोचू शकते, आणि दृष्टिपटलाला रक्त मिळालं नाही तर तास-दीड तासात कायमची इजा होते. हे क्वचित घडतं. पण घडलं की गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. हायल्युरोनिक ॲसिड विरघळवणारं हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम मिळतं. ते हाताशी नसेल अशा ठिकाणी फिलर घेऊ नये, हे मी माझ्या बहिणीला सांगितलं आहे आणि तुम्हालाही सांगते. कायमस्वरूपी फिलर, विशेषतः द्रव सिलिकोन, यांवर हे एन्झाइम चालत नाही.

व्यायाम आणि क्रीमचं उत्तर लहान आहे. कपाळावरच्या आठ्या स्नायू वारंवार आवळल्यानेच पडतात; त्याच स्नायूंना आणखी व्यायाम दिल्याने त्या कशा जातील? २०१८ मध्ये १६ स्त्रियांनी २० आठवडे चेहऱ्याचे व्यायाम पूर्ण केले तेव्हा गाल थोडे भरलेले दिसले, एवढं आढळलं, तेही तुलनेला दुसरा गट न घेता. क्रीमचं म्हणाल तर त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू आत झिरपतात. बोट्युलिनमचा रेणू १,५०,००० डाल्टनचा, म्हणजे कितीतरी पट मोठा. "तेच काम करणारं" असं डबीवर छापल्याने तो आत जात नाही. क्रीममध्ये ज्यांचा खरा उपयोग आहे त्या दोन गोष्टी म्हणजे सनस्क्रीन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रेटिनॉइन (‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध). २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता: खिडकीकडची अर्धी बाजू सुरकुतलेली, लोंबलेली, आणि दुसरी कितीतरी तरुण. उन्हातले अतिनील-ए किरण काचेतून येतात.

आता मेसेजमध्ये जे नाही ते. बोटॉक्सची नवी कुपी हातात घेतली तर रिकामीच वाटते. तळाशी एक पुसट थर, नीट उजेडात धरला तर दिसणारा. आत हवा काढून घेतलेली असते, म्हणून औषध विरघळवायच्या सलाइनची सुई बुचात खुपसताच कुपी ते स्वतःच ओढून घेते. ओढलं नाही, तर ती कुपी टाकून द्यायची. किती सलाइन घातलं, त्यावर एका थेंबात किती युनिट आले हे ठरतं. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं सारखी नसतात: बोटॉक्सचे जिथे २०, तिथे डिस्पोर्टचे ५०. हा हिशेब न कळणारा हात, किंवा खोट्या लेबलची कुपी, हे माझ्या भीतीचं खरं कारण आहे.

२००४ मध्ये फ्लोरिडात चार जणांना प्रयोगशाळेसाठीचं, माणसासाठी मंजुरी नसलेलं तीव्र टॉक्सिन सुरकुत्यांसाठी टोचलं गेलं. चौघांनाही बोट्युलिझम, म्हणजे या विषाची बाधा, होऊन अंग लुळं पडलं. टोचणारा डॉक्टर स्वतः त्यांपैकी एक होता. २०२४ च्या एप्रिलपर्यंत अमेरिकेतल्या ११ राज्यांत २२ जणांना घरी, स्पामध्ये किंवा अप्रशिक्षित हातांनी दिलेल्या इंजेक्शनांनंतर त्रास झाल्याची नोंद तिथल्या आरोग्य यंत्रणेने केली. त्यांतल्या निम्म्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं.

म्हणून घ्यायचंच असेल तर कुपी तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला सांगा. औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि किती युनिट दिले, हे लिहून मागा. विचारल्याचा राग येणाऱ्या ठिकाणाहून उठून या. आणि इंजेक्शननंतर घोट अडकायला लागला, आवाज बदलला, दोन-दोन दिसू लागलं किंवा श्वास जड झाला, तर ज्यांनी दिलं त्यांना फोन लावत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा, तो कागद सोबत न्या आणि आत जाताच "बोट्युलिनमचं इंजेक्शन घेतलंय" असं सांगा. यावर प्रतिविष आहे. ते रक्तात फिरणारं टॉक्सिन निकामी करतं. मज्जातंतूत शिरलेलं मात्र त्याला बाहेर काढता येत नाही, म्हणून प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितका पुढचा लुळेपणा टळतो.