फर्स्ट क्लास घ्यायचा का? आधी सेकंड क्लास बघा

रेल्वेचं तिकीट काढताना फर्स्ट क्लासचं भाडं दिसलं की आपण लगेच त्यात काय काय मिळतं ते वाचायला लागतो. रुंद खुर्ची, पाय पसरायला जागा, जागेवर येणारा चहा. माझ्या मते ही यादी वाचूच नये. त्याच गाडीत, त्याच वेळी सेकंड क्लासमध्ये काय हाल होणार आहेत ते बघावं. आपण पैसे मोजतो ते हाल चुकवायला. हालच नसतील तर पैसे कशाचे?

ही अक्कल काही माझी नाही. ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ मध्येच हे लिहून ठेवलंय. तेव्हा काही कंपन्यांचे थर्ड क्लासचे डबे बिनछपराचे असत, आत लाकडी बाकं. छप्पर घालायला असा कितीसा खर्च येणार होता? पण ते घातलं तर ज्यांना सेकंड परवडतं तेही थर्डमध्ये येऊन बसतील, ही भीती. गरिबांवर कंपनीचा राग नव्हता, पैसेवाल्यांना धाक बसावा म्हणून गरिबांना भिजवायचं. आज छप्पर सगळ्यांना आहे, तरी भाडं ठरवणाऱ्यांचं डोकं फारसं बदललंय असं मला वाटत नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं बघा. जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही. तिकीट आहे म्हणून जागा मिळेलच असं नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी आयसीई या तिथल्या वेगवान गाडीत दाराजवळ बॅगांवर बसलेली माणसं दिसतात. अशा गाडीला फर्स्टचा विचार जरूर करा. (त्याआधी सेकंडमध्येच थोडे जास्त पैसे भरून जागा राखता येते का ते बघा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.) शेजारच्या फ्रान्समध्ये टीजीव्ही या वेगवान गाडीला आरक्षण लागतंच, त्यामुळे उभं राहायची भानगड नाही. दोन तासांच्या प्रवासाला तिथे मी फर्स्ट घेणार नाही.

एक गोष्ट मात्र मी मानतो. युरोपातल्या बहुतेक गाड्यांत सेकंडला एका रांगेत दोन अधिक दोन खुर्च्या असतात आणि फर्स्टला दोन अधिक एक. ती एकटी खुर्ची, खिडकीही आपली आणि वाटही आपली, हीच फर्स्टची खरी कमाई. सेकंडमध्ये शेजारचा लॅपटॉप उघडतो, त्याचं कोपर हळूच आपल्या बाजूला येतं. आपण अंग चोरतो, तो आणखी ऐसपैस होतो. मग आपल्याला उठायचं असलं की त्याने चार्जर काढायचा, ट्रे मिटायचा, चेहरा वाकडा करून उभं राहायचं. पाच तास हे करायचं असेल तर मी पैसे देईन. चहासाठी नाही.

म्हणूनच जपानच्या शिंकान्सेन या बुलेट ट्रेनच्या ग्रीन कारबद्दल, म्हणजे तिथल्या फर्स्ट क्लासबद्दल, माझं मत थंड आहे. टोकियो-ओसाका जोडणाऱ्या तोकाईदो मार्गावर साध्या डब्यात दोन रांगांमधलं अंतर १०४ सेंमी आहे, ग्रीनमध्ये ११६. साध्यातच पाय आरामात पसरतात. आणि ग्रीनमध्ये खुर्च्या दोन अधिक दोन, म्हणजे शेजारी चुकत नाही. स्वित्झर्लंडच्या ग्लेशियर एक्सप्रेसच्या फर्स्टबद्दलही मी थंडच, कारण डोंगर बघायला छतापर्यंत जाणाऱ्या काचा दोन्ही वर्गांत आहेत.

रात्रीचा प्रवास असेल तर हिशेब बदलतो. आपल्याकडे नव्या बनावटीच्या, एलएचबी म्हणतात त्या, थ्री एसीच्या डब्यात ७२ बर्थ, फर्स्ट एसीत २४. साइड बर्थ नाहीत, दाराला आतून कडी. झोप ज्यांना जपावी लागते त्यांना याचं मोल कळतं. पण चार जणांच्या केबिनमध्ये उरलेले तिघे कोण असतील हे आपल्या हातात नाही, आणि एक जरी घोरणारा निघाला तर बंद दारामुळे तो आवाज पूर्ण तुमचा. एकट्या प्रवास करणाऱ्या काही बायका बंद केबिनपेक्षा टू एसीचे पडदे बरे म्हणतात, ते मला पटतं. दोघांचं कुपे मिळेल म्हणून तिकीट काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, केबिन की कुपे हे चार्ट लागल्यावरच कळतं.

भाडं मात्र नेहमी दोन्ही वर्गांचं शेजारी ठेवून बघावं. राजधानीत टू एसी आणि थ्री एसीचं भाडं जागा भरतील तसं चढत जातं, फर्स्ट एसीला हा नियम लावलेला नाही. उशिरा तिकीट काढणाऱ्याला दोन्हीतलं अंतर बरंच कमी झालेलं दिसू शकतं. जर्मनीत आधी काढलेलं फर्स्टचं सवलतीचं तिकीट कधी कधी सेकंडच्या पूर्ण भाड्याहून स्वस्त पडतं. तेव्हा विचार कसला करताय, घ्या.

आईवडिलांसाठी फर्स्ट एसी काढणारेही बरेच असतात. भावना चांगली आहे, पण गुडघे दुखत असतील तर खरा प्रश्न खालच्या बर्थचा. साठीपुढच्या पुरुषांसाठी आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो तो स्लीपर, थ्री एसी आणि टू एसीत. फर्स्ट एसीतला बर्थ चार्टवर ठरतो, तो वरचाही येऊ शकतो.