मजूर कमी झाले की मजुरी वाढते?

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "बाहेरचे लोंढे थांबवले की मजुरी वाढते, हे साधं गणित आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला विचारून बघा," असं तुम्ही लिहिलंय. तुमची कळकळ पोचली. मजुराची बाजू घेणाऱ्याशी माझं भांडण नाहीच. पण या गणितात मालक हातावर हात ठेवून बसेल असं धरलंय, आणि तो तसा बसत नाही.

अमेरिकेत १९४२ पासून मेक्सिकोतले शेतमजूर ठरावीक मुदतीच्या करारावर येत. त्यांना 'ब्रासेरो' म्हणत. १९६४ च्या अखेरीस ही योजना बंद झाली, तेव्हाचा युक्तिवाद तुमचाच होता: हे गेले की आपल्या मजुरांना बरे पैसे मिळतील. पुढे अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी काढून राज्याराज्यांची तुलना केली. जिथे ब्रासेरो भरपूर होते आणि जिथे मुळीच नव्हते, दोन्हीकडे मजुरी जवळपास सारखीच वाढत गेली.

मग ते काम गेलं कुठे? कॅलिफोर्नियातला टोमॅटो बघा. पूर्वी माणसं वाकून, पिकलेलं फळ हेरून हाताने तोडायची. डेव्हिसच्या विद्यापीठात तोडणीचं यंत्र आधीपासूनच घडत होतं, आणि त्याला सोसेल असा टणक, एकदम पिकणारा वाणही. ते यंत्र अख्खं झाड बुडाशी कापतं, वर ओढून घेतं आणि गदागदा हलवून फळं झाडतं. योजना बंद झाल्यावर काही वर्षांतच कारखान्यात जाणारा जवळजवळ सगळा टोमॅटो असा निघू लागला. गेलेल्या ब्रासेरोची तोडणी स्थानिक मजुराच्या वाट्याला आलीच नाही, कारण ते कामच उरलं नव्हतं.

आता माझी चूक. मूळ लेखात मी कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावच्या संपाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तिथे तुमच्या म्हणण्यात दम आहे. १९६५ च्या सप्टेंबरात तिथल्या द्राक्षमळ्यांतल्या मजुरांनी संप पुकारला. आधीच्या संपांत मालक ब्रासेरोंना कामावर लावत, आता ती सोय नव्हती. शेतमजुरांच्या संघटनेचे नेते सीझर चावेझ ब्रासेरो योजनेचे विरोधक होते ते याचसाठी. तरीही मळेवाल्यांनी संघटनेशी करारावर सह्या केल्या त्या १९७० साली, पाच वर्षांचा संप आणि देशभरचा द्राक्षांवरचा बहिष्कार सोसल्यावर. योजना बंद झाल्याने वाट मोकळी झाली असेल, पण मजुरी संघटनेने खेचून आणली.

ब्रासेरो स्वस्त पडायचा तो परका म्हणून नव्हे. करार एका मालकाशी बांधलेला, आणि तक्रार केली तर परत पाठवणीची भीती. हा माणूस मालक बदलू शकला असता, तर शेजारच्या मजुराचा भाव पाडायला त्याला वापरणं अवघड झालं असतं. म्हणून मला दार लावण्यापेक्षा कराराची ती गाठ सोडवणं जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते मी मजुराच्याच बाजूने म्हणतोय.

डेलानोचा भाग मूळ लेखात आजच जोडतो. तो वाचून पुन्हा जरूर लिहा.