गुरुवारी रात्री वाजवणारे पाच नोकरदार

आमच्या इथल्या एका कार्यक्रमाच्या बैठकीत दर वर्षी एक संवाद ठरलेला असतो. आयोजक तबलजींना म्हणतात, "तुम्ही काय, हौशी आहात, मानधनाचं कुठं घेऊन बसलात?" दिवसभर कचेरीत काम करून, संध्याकाळच्या वाहतुकीतून तबला-डग्गा गाडीत घालून आलेले तबलजी हसून विषय सोडून देतात आणि 'हौशी' या शब्दाचा अर्थ 'फुकट' असा होऊन बसतो. मी पेटीवर बसत असल्यामुळे हा अर्थ माझ्याही वाट्याला येतो. या शब्दाविषयी बरेच दिवस लिहायचे होते. निमित्त मात्र आपल्या संगीतातले नसून मी राहते त्या अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या 'सेल्डम सीन' या ब्लूग्रास बँडचे आहे.

ज्यांना ब्लूग्रास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडवरून या संगीताला नाव पडले आणि 1945च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा तरुण तीन बोटांनी वाजवायचा बँजो घेऊन त्यांच्यात आला, तेव्हा त्याचा आजचा घाट पक्का झाला. मँडोलिन, बँजो, गिटार, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि डबल बास एवढीच वाद्ये, ड्रम नसतात. ताल राखण्याचे काम तारांनीच करायचे असते. बास मात्रेवर पडतो आणि दोन मात्रांच्या मधल्या जागेत मँडोलिनवाला तारा दाबून एक कोरडा, तुटक आघात देतो, ज्याला इकडे 'चॉप' म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना मला तो टाळासारखा वाटला होता आणि अजूनही तसाच वाटतो. हे संगीत डोंगराळ अ‍ॅपलाचिया भागातले मानले जात असले तरी पोटापाण्यासाठी तिथून वॉशिंग्टन-बाल्टिमोर परिसरात आलेल्या कुटुंबांनी ते सोबत आणले, त्यामुळे सरकारी कचेऱ्यांच्या वॉशिंग्टन शहराभोवती त्याची मोठी पेठ वसली.

याच शहराला लागून असलेल्या बेथेस्डा या उपनगरात 1971 साली बेन एल्ड्रिज यांच्या घराच्या तळघरात काही मंडळी जमू लागली. दर आठवड्याला पत्ते कुटायला जमावे, तितकाच त्यामागचा हेतू होता. एल्ड्रिज व्यवसायाने गणिती होते आणि बँजो वाजवत. गिटार वाजवून मुख्य आवाजात गाणारे जॉन स्टार्लिंग हे सैन्यातले डॉक्टर होते, व्हिएतनाममध्ये सेवा करून आलेले. डबल बासवर टॉम ग्रे, जे 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये नकाशे तयार करत. डोब्रो नावाची गिटार वाजवणारे माइक ऑल्ड्रिज हे वृत्तपत्रात चित्रकार म्हणून नोकरीला होते. पाचवे जॉन डफी; 1957 साली 'कंट्री जंटलमेन' हा गाजलेला बँड उभा करणाऱ्यांपैकी ते एक, पण सततच्या दौऱ्यांना कंटाळून 1969 मध्ये त्यातून बाहेर पडले होते आणि तंतुवाद्यांची दुरुस्ती करत होते. 'कंट्री जंटलमेन'मधल्या चार्ली वॉलर यांनी या नव्या उद्योगाची खबर लागल्यावर थट्टेने 'सेल्डम सीन', म्हणजे 'क्वचित दिसणारे', असे नाव सुचवले, असे सांगतात. बँडने ते नाव घेतले, फक्त 'सीन'चे स्पेलिंग नाटकातल्या प्रवेशाचे ठेवले आणि पुढे आपल्या पहिल्या तीन ध्वनिमुद्रिकांना अंक पहिला, अंक दुसरा, अंक तिसरा अशीच नावे दिली. नाटकवेड्या मराठी माणसाला हे विशेष आवडावे.

बहुतेक ठिकाणी या बँडची ओळख 'दिवसा नोकरी करणारे असूनही इतके चांगले' अशी करून दिली जाते. माझे म्हणणे असे की त्यातला 'असूनही' हा शब्द चुकीचा आहे. त्यांच्या वाजवण्यातला मोकळेपणा त्या नोकऱ्यांतूनच आला. महिन्याचे भाडे बँडच्या कमाईवर अवलंबून नसल्यामुळे त्यांना बसगाडीत झोपून गावोगाव फिरावे लागले नाही आणि कुठल्या जत्रेत लोक काय मागतील याचा हिशेब करून गाणी निवडावी लागली नाहीत. लोकगीत, कंट्री, रॉक, जे आवडले ते त्यांनी ब्लूग्रासच्या वाद्यांवर आणले. जुन्या वळणाच्या रसिकांनी नाके मुरडली तरी त्यांचे काही अडत नव्हते. शिवाय दर गुरुवारी रात्री बेथेस्डाच्या 'रेड फॉक्स इन'मध्ये आणि नंतर नदीपलीकडे अलेक्झांड्रियाच्या 'बर्चमियर'मध्ये ते वाजवत. दौऱ्यावरच्या बँडला तीच वीस गाणी आणि तेच विनोद रोज नव्या गावात खपवता येतात; दर आठवड्याला समोर तेच चेहरे येऊन बसू लागले की ती सोय उरत नाही.

बारकाईने ऐकावे असे यात मला ऑल्ड्रिज यांचे डोब्रो वाटते. डोब्रो म्हणजे पोटात धातूची पातळ तबकडी बसवलेली गिटार. ती मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवतात. हवाईयन गिटारवरची चित्रपटगीते ज्यांनी रेडिओवर ऐकली आहेत, त्यांना हा आवाज अगदी परका वाटणार नाही. ब्लूग्रासमध्ये हे वाद्य रुजवले ते जॉश ग्रेव्ह्ज यांनी, पण त्यांचा बाज झपाट्याचा आणि ठसक्याचा होता. ऑल्ड्रिज सूर लांबवतात, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट ऐकू येऊ देतात. आपण जिला मींड म्हणतो तिच्या फार जवळचे काहीतरी त्यात आहे. या बँडमध्ये सुरुवातीला फिडल नव्हतेच आणि फिडलची ती रिकामी जागा या सरकत्या सुरांनी भरली. त्यावर डफींचा उंच टिपेचा आवाज. त्यांचे वडील मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायलेले होते. मुलाने मात्र स्वतःच्या हातांनी एक विचित्र आकाराची मँडोलिन घडवली, तिला 'बदक' हे नाव पडले, आणि रंगमंचावर ते समोरच्यांची टोपी उडवण्याची एकही संधी सोडत नसत.

माझ्या म्हणण्याला छेद देणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या लपवणे बरे नाही. 1977 मध्ये स्टार्लिंग वैद्यकीय व्यवसायासाठी बँड सोडून गेले. नोकरी जसे स्वातंत्र्य देते तशी ती माणूस परतही मागते. आणि 1995च्या सुमारास बँड फुटला तो नेमका याच प्रश्नावर. ऑल्ड्रिज आणि आणखी दोघांना अधिक कार्यक्रम करायचे होते, पूर्ण वेळ वाजवायचे होते. डफी आणि एल्ड्रिज यांना आठवड्यातून थोडेच वाजवणे पुरेसे होते. यात कोण बरोबर, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडणार नाही, कारण ज्यांना पूर्ण वेळ हवा होता त्यांची तहान मला कळते. माझा आक्षेप एवढाच आहे की, थोडे वाजवणे म्हणजे वरवरचे वाजवणे, असा अर्थ कोणी काढू नये.

गेल्या हिवाळ्यात मी एका उपाहारगृहातल्या अशाच स्थानिक बँडच्या अगदी पुढच्या टेबलावर बसले होते. बँजोवाल्याने गळ्यातले कचेरीचे ओळखपत्र काढून कोटाच्या खिशात टाकले, मग एका छोट्या पत्र्याच्या डबीतून नख्या काढल्या: अंगठ्याला प्लास्टिकची आणि पुढच्या दोन बोटांना धातूच्या. सतारीची नखी घालणारा माणूस बोट जसे दोनदा दाबून पाहतो तसेच त्याने पाहिले. माइक एकच होता. ज्याची पाळी यायची तो अर्धे पाऊल पुढे यायचा, आणि त्याच वेळी आधीचा कोणाच्याही वाद्याला आपल्या वाद्याची मान न लावता बाजूला सरकायचा. एवढ्याशा जागेत पाच माणसांची ही ये-जा चालू असताना कोणी कोणाकडे पाहतसुद्धा नव्हते. हे एका महिन्यात जमत नाही. गाणे संपल्यावर बरणी फिरवली गेली आणि लोकांनी तिच्यात पाच-दहा डॉलरच्या नोटा टाकल्या. त्यांच्या हौसेबद्दल कोणालाच शंका नव्हती, तरी बरणी फिरलीच.

डफी 1996च्या डिसेंबरात गेले. एल्ड्रिज 2016 पर्यंत वाजवत राहिले आणि 2024 मध्ये वारले. तळघरातल्या त्या पाचांपैकी कोणीही आता 'सेल्डम सीन'मध्ये नाही, तरी बँड त्याच नावाने सुरू आहे. एल्ड्रिज यांचा मुलगा क्रिस 'पंच ब्रदर्स' या बँडमध्ये गिटार वाजवतो, आणि वडिलांसारखी दिवसाची वेगळी नोकरी त्याने ठेवलेली नाही. यंदाच्या बैठकीत मात्र तबलजींच्या आधी मीच बोलणार आहे आणि मानधनाचा आकडा ठरल्याशिवाय पेटीची खोळ काढणार नाही.