‘शकतो’ दिसलं की ‘एबल टू’ ठोका? जरा थांबा

इंग्रजी शिकवणाऱ्या छोट्या व्हिडिओंमधून आणि व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमधून एक सोपा नियम फिरत असतो. मराठी वाक्यात ‘शकतो, शकते, शकलो’ दिसलं की डोळे मिटून ‘एबल टू’ घाला. ‘कॅन’ आणि ‘एबल टू’ यांच्यात अर्थाचा फरक नाही, दुसरं जरा भारदस्त वाटतं इतकंच. भूतकाळात ‘कुड’ म्हणा नाहीतर ‘वॉज एबल टू’, काही बिघडत नाही. ‘केपेबल’ही तेच. आणि शब्दाच्या शेवटी ‘एबल’ दिसलं, तरी अर्थ ‘करू शकणारा’ असाच.

नियम लक्षात राहतो हे खरं. पण त्यावर विसंबून लिहिलेली इंग्रजी वाक्यं वाचली की तो महागात पडतो हे कळतं.

आधी ‘कॅन’ आणि ‘एबल टू’ एकच, हा दावा. ‘मी आत येऊ शकतो का?’ यात ताकद कोणी विचारत नाही, परवानगी मागतो. तिथे ‘कॅन आय कम इन?’ चालतं. ‘ॲम आय एबल टू कम इन?’ असं दारात उभं राहून विचारलं, तर त्याचा अर्थ होतो, मला आत येणं जमण्यासारखं आहे का? ते आतल्याने कसं सांगायचं! तीच गत शक्यतेची. ‘मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जाऊ शकतो’ इथे ‘कॅन गो’ हवं. ‘एबल टू’ घातलं की पाऱ्याच्या अंगी कर्तृत्व येतं. ऑफिसच्या मेलमध्ये ‘धिस फाइल इज नॉट एबल टू बी ओपन्ड’ सर्रास दिसतं, ते याच नियमाचं फळ. ‘कान्ट बी ओपन्ड’ लिहा, सुटलात.

या दाव्यात खरं आहे ते एवढंच की ‘कॅन’ला काही रूपंच नाहीत. ‘विल कॅन’, ‘हॅव कॅन’, ‘टू कॅन’ असं होत नाही, म्हणून ‘विल बी एबल टू’, ‘हॅव बीन एबल टू’ लागतं. ‘एबल’ हे विशेषण, त्यामुळे त्याच्या आधी ‘ॲम, इज, आर, बी’ यांपैकी काहीतरी हवंच. ‘आय एबल टू’ हे वाक्य नव्हे. आणि ‘आय कॅन एबल टू’ म्हणजे दोन्ही डगरींवर हात. दोघांपैकी एकच ठेवायचं.

भारदस्तपणाचं म्हणाल तर रोजच्या बोलण्यात ‘आय कॅन स्विम’ हेच सहज येतं. ‘एबल टू’ला वजन येतं ते एखादी गोष्ट त्या वेळी, त्या परिस्थितीत साधते आहे असं सांगायचं असतं तेव्हा. इथे मराठी कामी येते. ‘तिला पोहता येतं’ हे कौशल्य झालं. पण पायाचं प्लास्टर काढल्यावर आपण म्हणतो, ‘तिला आता चालवतं’. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. ‘शी इज एबल टू वॉक अगेन’चा सूर नेमका हाच. येणं, जमणं, झेपणं, ‘चढवत नाही’ अशी इतकी साधनं घरात असताना फॉरवर्डवाले सगळं एकट्या ‘शकणे’च्या डोक्यावर टाकतात आणि मग इंग्रजीतही सगळं एकाच साच्यात कोंबतात. (जाता जाता: ‘कॅन’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘जाणणे’ असा होता, आणि तो आपल्या ‘ज्ञा’ धातूचा लांबचा नातेवाईक. ‘मला पोहणं येतं’ याच्या किती जवळचा!)

सगळ्यात जास्त नुकसान भूतकाळाच्या दाव्याने होतं. ‘काल पाऊस होता, तरी मला गाडी गाठता आली.’ याचं ‘आय कुड कॅच द ट्रेन’ केलंत, तर गाडी खरंच गाठली का, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. गाठता आली असती, असाही सूर त्याला लागतो. एकदाच घडलेलं, साधलेलं काम सांगायचं तर ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’. ‘कुड’ त्या काळात अंगी असलेल्या क्षमतेसाठी: ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचं.’ बघा, हा फरक मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही. ‘चढता यायचं’ तिथे ‘कुड’. ‘चढता आलं’ तिथे ‘वॉज एबल टू’. ‘शकलो’वर अडून बसलं की तो दिसेनासा होतो.

दोन सवलती आहेत. नकारात ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालतं. गाडी चुकली तर ‘आय कुडन्ट कॅच इट’ अगदी बरोबर. आणि दिसणं, ऐकू येणं, वास येणं, आठवणं अशा क्रियापदांबरोबर एकाच वेळच्या गोष्टीलाही ‘कुड’ चालतं: ‘आय कुड स्मेल गॅस.’

‘केपेबल’चं प्रकरण छोटं. त्याच्यामागे ‘ऑफ’ आणि ‘-इंग’ येतं. ‘एबल ऑफ’ किंवा ‘केपेबल टू डू’ नाही. अर्थही सरकतो. ‘ही इज केपेबल ऑफ लाइंग’ म्हणजे त्याची मजल खोटं बोलण्यापर्यंत जाऊ शकते, अजून तो बोलला असेलच असं नाही. शिवाय नामाआधी बसलेलं ‘एबल’ आणखी वेगळं: ‘ॲन एबल ऑफिसर’ म्हणजे कर्तबगार अधिकारी. तिथे ‘व्हेरी एबल’ खुशाल म्हणा, पण ‘व्हेरी एबल टू’ नको. ‘बेटर एबल टू’ मात्र चालतं.

राहिलं शब्दाच्या शेवटचं ‘एबल’. दिसायला तेच, कूळ वेगळं. स्वतंत्र ‘एबल’ लॅटिन ‘हाबिलिस’वरून आला, त्याच्या मुळाशी ‘धरणे’ या अर्थाचं क्रियापद. शेपटीचं ‘-एबल’ लॅटिनच्या ‘-आबिलिस’ या प्रत्ययातून. पुढे लोकांनी दोघांची सांगड घातली. पण बहुतेक ठिकाणी शेपटीचा अर्थ कर्मणी असतो. ‘रीडेबल’ म्हणजे वाचू शकणारा माणूस नव्हे, वाचता येण्याजोगं अक्षर. ‘वॉशेबल’ कापडही तुम्हालाच धुवावं लागतं.