वणव्याचा प्लॅन फाईलमध्ये नको, अंगणात दिसू दे

वणव्याचा विषय निघाला की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, फायर ब्रिगेडच्या गाड्या किती आहेत? मला तर हा प्रश्नच चुकीचा वाटतो. वारा सुटल्यावर एकाच वेळी डझनभर घरं पेट घेतात आणि खेड्यात गाडी येणार एखाददुसरी, तीही लांबून. म्हणजे जे काही करायचं ते गावानेच, आणि तेही आग लागायच्या आधी.

लोकांना वाटतं ज्वाळांची भिंत येते आणि घर गिळून टाकते. पण बरीचशी घरं पेटतात ती उडत आलेल्या निखाऱ्यांनी, मुख्य आग अजून लांब असताना. पन्हाळीत साठलेला वाळका पाला, भिंतीला टेकवून रचलेलं सरपण, दारातला काथ्याचा पायपुसणा, निखाऱ्याला एवढं पुष्कळ झालं. म्हणून भिंतीपासून पहिले ५ फूट तरी जळण्यासारखं काहीच नको आणि पुढे ३० मीटरपर्यंत गवत कापलेलं, झाडं विरळ. आता हे तुम्ही एकट्याने कितीही नीट केलंत तरी शेजारचं घर पेटलं की त्याच्या धगीने तुमचं पण जाऊ शकतं, त्यामुळे सगळ्यांनी मिळून करण्याला पर्याय नाही (मीटिंगांचा मला पण कंटाळा आहे, पण काय करता).

अमेरिकेत २००३ च्या कायद्याने गावागावांना असा वणव्यापासून बचावाचा आराखडा करायला वाट करून दिली, स्थानिक प्रशासन, फायरवाले आणि वनखातं तिघांची सही लागते. चांगलंच आहे. पण नुसता कागद पुरत नाही. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाकडे प्लॅन होता, कुठला भाग आधी रिकामा करायचा हे ठरलेलं होतं, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये आग इतक्या वेगाने आली की सगळं गाव एकदमच रस्त्यावर, जाम, कित्येकांच्या फोनवर इशारा पोचलाच नाही. ८५ माणसं गेली, त्यातली बहुतेक वयस्कर.

मला पटलं ते पोर्तुगालचं. २०१७ च्या जूनमधल्या वणव्यात तिथे ६६ जण गेले, निम्म्याहून जास्त पळून जाताना रस्त्यात सापडून. त्यानंतर त्यांनी खेड्यांसाठी कार्यक्रम काढला, गावातलाच एक माणूस जबाबदार, बाहेर पडता आलं नाही तर थांबायची जागा आधीच ठरलेली, आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष सराव. साधंच आहे, पण आग आली की गावातल्या म्हातारीला कोण उचलणार याचं उत्तर यातूनच मिळतं, नकाशातून नाही.

सगळ्यात अवघड काम मात्र वेगळंच, मालक शहरात आणि जमीन पडीक. गवत कमरेएवढं, फोन केला तर बघतो म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की एक नोटीस द्यावी, मुदत संपली की गावाने साफ करून घ्यावं आणि खर्च मालकाकडून वसूल करावा. शेळ्या-मेंढ्या सोडता आल्या तर अजून स्वस्तात काम होईल. यावर भांडणं होणार हे माहितीये, पण ती पावसाळ्यात होऊ देत, उन्हाळा लागल्यावर भांडत बसायला वेळ नसतो.

आणि कोणाला चालता येत नाही, कोणाकडे गाडी नाही, ही यादी दरवर्षी नव्याने करा, मागच्या वर्षीची झेरॉक्स मारून नको.