आमच्या गच्चीवर लोखंड वितळलं त्याची गोष्ट

आमच्या गच्चीवर एक पांढरा खांब आहे. त्याच्या डोक्यावर तीन वाट्यांचं भिरभिरं, वाऱ्याची दिशा दाखवणारं शेपूट, पावसाचं नरसाळं आणि ताटल्या एकावर एक रचल्यासारखा दिसणारा तापमानाचा पिंजरा. घरात याला ‘तुमचं ते बुजगावणं’ म्हणतात. मी वैयक्तिक हवामान केंद्र म्हणतो, निदान पाहुण्यांसमोर तरी. हे बुजगावणं गेली दहा वर्षं दर पाच मिनिटांनी एक नोंद करतंय. दिवसाला २८८. मी जागा असो, झोपलेला असो, तापानं फणफणलेला असो.

या नोंदी आजवर कोणीही मागितलेल्या नाहीत, हे आधीच कबूल करून टाकतो. पाऊस पडतोय का हे बघायला बायको खिडकी उघडते आणि मी कॉम्प्युटर उघडतो. तिचं उत्तर नेहमी आधी येतं. पण दहा वर्षं सांभाळलेली गोष्ट निव्वळ निरुपयोगी आहे म्हणून कोणी टाकून देतं का?

तर जुना कॉम्प्युटर गेला. नवीन आणला, त्याच्यावर जुना हवामान प्रोग्रॅम चालेना. तो ज्यानं लिहिला होता त्या गृहस्थानं बहुधा दुसरा छंद धरला असावा, कारण अपडेट येणं केव्हाच थांबलं होतं. म्हणून नवीन प्रोग्रॅम निवडला. तो छानच निघाला, आलेख काय, रंग काय! फक्त त्याचं आयुष्य आजपासून सुरू होत होतं आणि माझी दहा वर्षं मागे पडली होती. एक मित्र म्हणाला, “त्यात काय, इकडून एक्स्पोर्ट करायचं, तिकडे इम्पोर्ट करायचं. पाच मिनिटांचं काम.”

ती पाच मिनिटं मला एकोणीस संध्याकाळी पुरली.

वीवेक्ससारख्या हवामान प्रोग्रॅममध्ये क्युम्युलस किंवा वेदर डिस्प्ले या भाऊबंद प्रोग्रॅमच्या नोंदी आत घ्यायची तयार सोय असते. माझा जुना प्रोग्रॅम असल्या कुठल्याच वंशावळीत नव्हता. अशा अनाथांसाठी सीएसव्ही नावाची धर्मशाळा असते. एका ओळीत एक नोंद, आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम, संपलं. आकडा कुठला, कशाचा, कोणाच्या घरचा, हे तिथं कोणी विचारत नाही. माझ्या पुढच्या सगळ्या हालांचं मूळ या न विचारण्यात होतं, पण ते कळायला चौथी संध्याकाळ उजाडावी लागली. (संध्याकाळ उजाडत नाही, हे मला माहीत आहे. त्या दिवसांत उजाडायची.)

पहिली चूक म्हणजे फाइल नुसती डोळ्यांखालून घालावी म्हणून ती स्प्रेडशीटमध्ये उघडली. दोन लीप वर्षं धरून दहा वर्षांच्या नोंदी होतात १०,५१,७७६. स्प्रेडशीटमध्ये ओळी मावतात १०,४८,५७६. म्हणजे वरची मथळ्याची ओळ धरून बरोबर ३,२०१ ओळी बाहेर, जेमतेम अकरा दिवस. दहा वर्षांची वरात मांडवात शिरली आणि शेवटचे अकरा वऱ्हाडी दारात अडवले गेले. स्प्रेडशीटनं तसं सांगितलंही होतं. पण मी मात्र कुठलाही संदेश न वाचता ‘ठीक आहे’ दाबणाऱ्या पंथाचा आहे, त्यामुळे ठीक आहे म्हटलं आणि वर फाइल सेव्ह केली.

शिवाय स्प्रेडशीटनं माझ्या तारखा सुधारल्या. मी आधी दिवस लिहितो, मग महिना. तिनं गृहीत धरलं की आधी महिना. बरं, सगळ्याच तारखा उलट्या केल्या असत्या तर एकदा सुलट्या करून मोकळा झालो असतो. पण १३ पासून पुढचा आकडा महिना असू शकत नाही, त्यामुळे वर्षातले २२१ दिवस तिनं तारीख मानायलाच नकार दिला आणि नुसता मजकूर म्हणून डावीकडे सरकवून ठेवले. उरलेल्या १४४ पैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे बारा भाग्यवान जागेवर राहिले. बाकीच्या १३२ जणांनी आपसात घरं बदलली. ५ जानेवारीला १ मेची दुपार अवतरली. आलेख बघून वाटावं, हवामान बदलाचा सगळा पुरावा आमच्याच गच्चीवर गोळा झालाय.

मूळ फाइल पुन्हा काढली, स्प्रेडशीटला लांबूनच नमस्कार केला आणि पहिला खराखुरा इम्पोर्ट मारला. नव्या प्रोग्रॅमनं थोडा वेळ घेतला आणि अभिमानानं विक्रमांचं पान दाखवलं. एका दिवसातला सर्वाधिक पाऊस: २,५९२ मिलिमीटर.

आता मी काही हवामानशास्त्रज्ञ नाही, पण अडीच मीटर पाऊस पडून गेला असता तर निदान जिन्यात तरी कळलं असतं. तो दिवस शोधून काढला. पहाटे सहाला एकाच सरीत १२ मिलिमीटर पडला होता आणि नंतर दिवसभर लख्ख ऊन. जुना प्रोग्रॅम पावसाच्या रकान्यात मध्यरात्रीपासूनची एकूण बेरीज लिहायचा, १२, १२, १२ अशी, रात्री बारापर्यंत. नव्याची समजूत अशी की प्रत्येक आकडा म्हणजे गेल्या पाच मिनिटांतला पाऊस. सहा ते बारा हे अठरा तास, तासाला बारा नोंदी, म्हणजे २१६ वेळा १२. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते. एक म्हणत होता, “आज आतापर्यंत बारा झालाय,” आणि दुसरा दर पाच मिनिटांनी दचकून, “काय? अजून बारा?” दोन मोठ्या माणसांची भांडणंसुद्धा मी अशीच होताना पाहिली आहेत.

मग स्क्रिप्ट, म्हणजे आकडे बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला बसलो. नंतरच्या नोंदीतून आधीची वजा करायची, मध्यरात्री बेरीज शून्यावर आली की वजाबाकी सोडून द्यायची. हे जमलं तेव्हा मी मोठ्यानं “जमलं!” म्हणालो. शेजारच्या खोलीतून आवाज आला, “काय जमलं?” म्हटलं, “वजाबाकी.” पुढे काही विचारणा झाली नाही.

दुसऱ्या इम्पोर्टनंतर विक्रमांच्या पानावर पाऊस शहाण्यासारखा वागत होता. सर्वाधिक तापमान मात्र १८०२.६ अंश सेल्सियस झालं होतं. लोखंड १५३८ ला वितळतं. म्हणजे आमच्या गच्चीवरच्या तारा, खांबाचे नटबोल्ट, कपड्यांचे चिमटे, सगळ्याचा रस होऊन पन्हाळीतून वाहत गेला असणार आणि आम्ही खाली पंखा लावून बसलो होतो.

खोदकाम केलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे जुना प्रोग्रॅम दाखवायचा सेल्सियस, पण मनात जपायचा फॅरनहाइट. दहा वर्षांच्या सहवासात त्यानं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. (सेल्सियस महाशयांनी १७४२ मध्ये मोजपट्टी आखली तेव्हा पाणी उकळतं तिथं ० आणि गोठतं तिथं १०० ठेवलं होतं, ती नंतर उलटवावी लागली. त्या वेळच्या नोंदी कोणी कशा बदलल्या असतील, या विचारानं मला जरा धीर आला.) दुसरी गोष्ट अशी की सेन्सरनं उत्तर दिलं नाही की तो प्रोग्रॅम त्या जागी ३२७६७ लिहायचा. अधिक-उणे चिन्ह धरून सोळा बिटांत मावणारी ती सगळ्यात मोठी संख्या. अर्थ एवढाच की ‘माहीत नाही’. मोजमाप दशांश अंशात, म्हणून ३२७६.७ फॅरनहाइट, म्हणून १८०२.६ सेल्सियस. अज्ञानाला इतकं तापमान असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून स्क्रिप्टमध्ये ओळ घातली की ३२७६७ दिसला तर जागा मोकळी सोड. तापमानाच्या रकान्यानं ते ऐकलं. पावसाच्या रकान्यात मोकळी जागा आली की इम्पोर्ट अडून बसायचा. रात्रीचे दीड वाजले होते. म्हटलं, मरू दे, पावसाला शून्य लाव. लावलं. इम्पोर्ट सुरळीत पुढे गेला.

वाऱ्यानंही छळलं. वारा पूर्ण पडलेला असला की जुना प्रोग्रॅम दिशा ० लिहायचा, म्हणजे ‘दिशाच नाही’. नव्याच्या लेखी ० अंश म्हणजे उत्तर. त्यामुळे दिशांच्या चक्रावर आमच्याकडे बारमाही उत्तरेचा वारा वाहताना दिसला, तोही शून्य वेगानं. तासाची सरासरी काढायला गेलो तर ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० आली. दोन्ही वेळा वारा उत्तरेकडून आलेला आणि मधोमध काढला तर थेट दक्षिण! तिथं सरळ बेरीज-भागाकार चालत नाही, बाण मांडून बेरीज करावी लागते. ती केली. वायुदाब पाऱ्याच्या इंचांतून हेक्टोपास्कलमध्ये आणायला ३३.८६३९ नं गुणलं की भागतं, त्या बिचाऱ्यानं काही त्रास दिला नाही. वेळेनं दिला. नवा प्रोग्रॅम वेळ म्हणून १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो, तेही ग्रिनिचच्या घड्याळानं, आणि मी माझ्या घड्याळातली वेळ दिल्यावर दोन दिवस आमचा सूर्य भलत्याच वेळी उगवत होता. ते निस्तरलं. रात्री बारा वाजताची नोंद सरत्या दिवसाची की नव्याची, यावर मी स्वतःशीच बराच वाद घातला. सरत्या दिवसाची, असं ठरलं.

एकोणिसाव्या संध्याकाळी सगळं आत होतं. कमाल तापमान माणसात आलं होतं, पाऊस पावसासारखा होता, वारा चारी दिशांनी. अकरा वऱ्हाडीसुद्धा परत आले होते. मी बायकोला हाक मारली. ती आली, हात पुसत उभी राहिली.

“मग आता उद्या पाऊस आहे का ते कळेल?”

“उद्याचं नाही गं. पण गेल्या दहा वर्षांतला कुठलाही दिवस विचार.”

तिनं क्षणभर विचार केला. “ती वादळाची रात्र सांगा. खिडकीतून पाणी आत आलं होतं ना, अंथरुणं भिजली होती ती.”

अशी परीक्षा घ्यावी! ती रात्र मलाही तारखेसकट पाठ होती. तारीख टाकली. निळ्या रंगात, सुंदर अक्षरात, दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर आलं: ०.००.

“शून्य?” ती म्हणाली.

मला तो दीड वाजता लावलेला शून्य आठवला. त्या रात्री वादळात सेन्सरचा संपर्क तुटला होता. पहाटेपर्यंत नुसते ३२७६७.

“अहो, दोन बादल्या पाणी पिळून काढलंय मी त्या रात्री. या हातांनी.”

मी काही बोललो नाही. डेटाबेसमध्ये हातानं शिरलो आणि त्या रात्रीचे शून्य एकेक करून पुसायला लागलो. ती मागे उभी राहून बघत होती.

“नुसतं पुसताय कशाला? दोन बादल्या लिहा की.”

म्हटलं, “त्या रकान्यात मिलिमीटरच लागतात.”

“मग करा बादल्यांचे मिलिमीटर,” ती म्हणाली आणि दिवा माझ्यासाठी चालू ठेवून झोपायला गेली.